पोट फुगते आणि पोट वाढते

अजगराने करडू किंवा कोंबडी गिळली की त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात हमखास येते. अंगाच्या मध्यावर टम्म फुगवटा, भोवती माणसांचा गराडा, बाजूला एखादा सर्पमित्र. वाचकाची नजर त्या फुगवट्यावर खिळते, पण तो फुगवटा तर गिळलेल्या भक्ष्याचा असतो. खरी नवलाची गोष्ट छायाचित्रात दिसतच नाही. पुढच्या दोन दिवसांत अजगराचे स्वतःचे लहान आतडे वजनाने जवळजवळ दुप्पट होते. यकृत वाढते, मूत्रपिंडे वाढतात. आठवडा-दोन आठवड्यांत भक्ष्य पचून संपले की ही सारी वाढ ओसरते आणि अजगर पुन्हा महिना-दोन महिने उपाशी पडून राहायला मोकळा होतो.

प्राण्यांचे पोट मोठे होण्याच्या या दोन अगदी वेगळ्या तऱ्हा आहेत. एकीत पोकळी ताणली जाते, अन्नाने किंवा वायूने. दुसरीत भिंतच वाढते: अस्तरात नव्या पेशी तयार होतात, स्नायू जाड होतात, रक्तपुरवठा वाढतो. ताण काही तासांत येतो आणि प्रसंगी जीव घेतो. वाढीला दिवस किंवा आठवडे लागतात, आणि ती बहुधा शरीराच्या फायद्याची असते. या वाढीमागे पचनसंस्थेतल्या संप्रेरकांचा हात आहे, हे गेल्या सव्वाशे वर्षांत उलगडत गेले. हात आहे, पण किती? हे संशोधन वाचता वाचता माझे मत असे बनले आहे की आपण संप्रेरकांना थोडे जास्तच श्रेय देतो. पोटाला वाढायला लावणारा पहिला हुकूम बहुतेक वेळा पोटात पडलेल्या अन्नाचा असतो. संप्रेरक तो हुकूम दूरवर पोहोचवतात, त्याला जोर देतात, कधी तो अतिरेकालाही नेतात. या मतासाठी पुरावा काय, हे पाहण्यासाठी आधी थोडे मागे जावे लागेल.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १६ जानेवारी १९०२ रोजी विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी भूल दिलेल्या एका कुत्र्यावर प्रयोग केला. पचनाचा कारभार मज्जातंतू चालवतात, हे रशियाच्या इव्हान पाव्हलोव्ह यांचे मत तेव्हा प्रमाण मानले जाई. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी लहान आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडून टाकले, रक्तवाहिन्या तेवढ्या शाबूत ठेवल्या आणि त्या भागात आम्ल सोडले. तरीही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडले, ते आम्लात वाटून गाळले आणि तो अर्क कुत्र्याच्या रक्तात टोचला. रस पुन्हा वाहिला. एका अवयवाचा निरोप दुसऱ्या अवयवाकडे मज्जातंतूंशिवाय, नुसत्या रक्तातून जाऊ शकतो, हे त्या दुपारी सिद्ध झाले. निरोप नेणाऱ्या पदार्थाला त्यांनी सिक्रिटिन म्हटले.

तीन वर्षांनी, १९०५ मध्ये, जॉन एडकिन्स यांनी जठराच्या शेवटच्या भागातून असाच एक अर्क काढला. त्याने जठरात आम्ल स्रवत असे. हा गॅस्ट्रिन. पण एडकिन्स यांच्या वाट्याला उपेक्षा आली. हिस्टामिननेही आम्ल स्रवते आणि हिस्टामिन शरीरात जागोजागी सापडते, तेव्हा एडकिन्स यांचा अर्क म्हणजे हिस्टामिनच असणार, असे बहुतेकांनी ठरवून टाकले. १९३८ मध्ये सायमन कोमारोव्ह यांनी हिस्टामिनविरहित अर्क करून दाखवला, आणि १९६४ मध्ये लिव्हरपूलच्या रॉडरिक ग्रेगरी आणि हिल्डा ट्रेसी यांनी डुकरांच्या जठरांतून गॅस्ट्रिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. सहा दशके थांबून एडकिन्स खरे ठरले. दरम्यान १९२८ मध्ये अँड्र्यू आयव्ही आणि एरिक ओल्डबर्ग यांनी पित्ताशय आकसवणारे कोलेसिस्टोकायनिन दाखवून दिले होते.

हे सगळे संशोधन स्रावांचे होते. कोणत्या निरोपाने कुठला रस सुटतो, एवढाच प्रश्न त्यात होता. निरोप घेणारा अवयव वाढूही शकतो, याकडे लक्ष वळले ते एका रोगामुळे. १९५५ मध्ये रॉबर्ट झोलिंजर आणि एडविन एलिसन या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघांच्या स्वादुपिंडात गाठ होती आणि दोघांना काही केल्या बरे न होणारे व्रण झाले होते. पुढे कळले की अशी गाठ गॅस्ट्रिन ओतत राहते. या रोगात जठराच्या आतल्या वळ्या जाडजूड होतात आणि आम्ल करणाऱ्या पेशींची संख्या बेसुमार वाढते. एकच संप्रेरक वर्षानुवर्षे जास्त राहिले, तर जठराचे अस्तर वाढतच जाते, याचा हा निसर्गाने केलेला प्रयोग होता.

प्राण्यांवरचे प्रयोग मागोमाग आले. लेनर्ड जॉन्सन यांच्या गटाने १९७५ मध्ये उंदरांना तोंडाने काहीही न देता सगळे पोषण शिरेतून दिले. उंदरांच्या अंगाला उपास घडला नव्हता, फक्त पोट रिकामे होते. तरीही त्यांचे जठर, लहान आतडे आणि स्वादुपिंड रोडावले आणि जठरातला गॅस्ट्रिनचा साठाही घटला. अशाच उंदरांना गॅस्ट्रिनसारखे काम करणारे पेंटागॅस्ट्रिन दिल्यावर ही झीज टळली. त्या काळी यातून असा निष्कर्ष निघाला की सबंध अन्नमार्ग राखण्याचे काम गॅस्ट्रिन करते. १९९७-९८ च्या सुमारास गॅस्ट्रिनचे जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार झाले, तेव्हा हा निष्कर्ष तोकडा पडला. या उंदरांच्या जठरात आम्ल करणाऱ्या पेशी कमी होत्या आणि आम्लही फारसे स्रवत नव्हते, पण आतडी बऱ्यापैकी ठीक होती. म्हणजे गॅस्ट्रिनचा अंमल मुख्यतः जठरापुरता. आतड्यांसाठी दुसरे कुणीतरी शोधायला हवे होते.

गॅस्ट्रिनची सर्वांत गाजलेली कहाणी मात्र एका औषधाची आहे. आम्लपित्तावरच्या ओमेप्राझोलच्या चाचण्या सुरू असताना, जन्मभर मोठे डोस दिलेल्या उंदरांच्या जठरात गाठी आढळल्या आणि १९८४ मध्ये माणसांवरच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. औषध विषारी आहे की काय, हा धसका खरा होता. शोध घेता उत्तर संप्रेरकात सापडले. जठरात आम्ल उरले नाही की ‘पुरे’ हा इशाराच जात नाही. मग जठराच्या शेवटच्या भागातल्या पेशी गॅस्ट्रिन सोडतच राहतात आणि त्या भडिमाराने जठराच्या भिंतीतल्या हिस्टामिन करणाऱ्या पेशी वाढत जातात. ज्या उंदरांच्या जठराचा गॅस्ट्रिन करणारा भागच आधी कापून टाकला होता, त्यांना तेच औषध तितकेच देऊनही ही वाढ झाली नाही. औषध निर्दोष ठरले, चाचण्या पुन्हा सुरू झाल्या आणि १९८८ मध्ये ओमेप्राझोल बाजारात आले. माणसात गॅस्ट्रिन उंदरांइतके चढत नाही आणि तशा गाठीही सहसा होत नाहीत. तरी एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण सकाळी उठून ‘ॲसिडिटीची गोळी’ घेणे हा घराघरांतला नित्यक्रम झाला आहे. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोटाचा काहीही त्रास नसलेल्या १२० लोकांपैकी निम्म्यांना आठ आठवडे याच जातीचे औषध दिले आणि मग ते बंद करून खोटी गोळी दिली. त्यानंतर ४४ टक्के लोकांना जळजळ किंवा आम्लपित्ताचा त्रास झाला. सुरुवातीपासून खोटीच गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. औषधाच्या काळात गॅस्ट्रिन वाढलेले असते, गोळी थांबली की आम्ल उसळून येते, आणि गोळीवाचून आपले भागत नाही असे माणसाला वाटू लागते. अशी गोळी दीर्घकाळ घेत असाल तर ती कशासाठी आणि कधीपर्यंत, हे डॉक्टरांना विचाराच.

मराठवाडा-विदर्भातल्या वाचकाला जवळचा वाटेल असा पुरावा सोयाबीनचा आहे. कच्चे सोयाबीन कोंबडीच्या पिलांना खाऊ घातले की त्यांची वाढ खुंटते, पण स्वादुपिंड मात्र मोठे होते, हे १९४८ मध्येच नोंदले गेले. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन या पाचक विकराला निकामी करणारा घटक असतो. आतड्यात ट्रिप्सिनचे काम अडले की प्रथिने न पचता पडून राहतात. शिवाय कोलेसिस्टोकायनिनला बाहेर काढणारा एक निरोप्याही, जो एरवी ट्रिप्सिनच मोडून टाकते, तो शाबूत राहतो. कोलेसिस्टोकायनिन वाढते, स्वादुपिंडाला ‘आणखी रस दे’ असा तगादा लागतो आणि तो अवयव राबून राबून वाढतो. हे उंदरांत आणि पिलांत ठळक दिसते. कुत्रा, डुक्कर, वासरू यांच्यात स्वादुपिंड तसे वाढत नाही. एका प्राण्यातला निष्कर्ष दुसऱ्याला डोळे मिटून लावू नये, याचे हे चांगले उदाहरण आहे. भाजणे, वाफवणे किंवा एक्स्ट्रूडरमधून काढणे एवढ्याने तो घटक निष्प्रभ होतो, म्हणून खाद्य कारखान्यात सोयाबीन नीट शिजले की नाही हे तपासूनच पुढे पाठवतात. घरचे सोयाबीन आहे म्हणून कच्चेच भरडून परसातल्या कोंबड्यांना टाकणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

आता अजगराकडे परत येऊ. इथला बहुतेक पुरावा ब्रह्मी अजगरावरचा आहे. आपल्याकडच्या अजगराचा तो इतका जवळचा भाऊबंद की अलीकडेपर्यंत दोन्ही एकाच जातीत मोजत. स्टीफन सेकर आणि जेरेड डायमंड यांनी १९९० च्या दशकात या अजगरावर काम सुरू केले. त्यांनी अजगर निवडला, कारण तो कधीतरी खातो आणि खाल्ले तर प्रचंड खातो. उपाशी अजगराच्या जठरात आम्ल जवळजवळ नसते. सामू सातच्या आसपास असतो. भक्ष्य गिळल्यावर एका दिवसात तो दीडपर्यंत उतरतो, म्हणजे हाडे विरघळवण्याइतके आम्ल तयार होते. लहान आतड्याच्या पेशींवरचे सूक्ष्म केस चार-पाच पट लांब होतात. शरीराचा प्राणवायूचा वापर दहा-पंधरा पट चढतो, आणि भक्ष्य अजगराच्या स्वतःच्या वजनाइतके असेल तर चाळीस पटींवर जातो. धावणाऱ्या घोड्याला जो आकडा गाठता येतो, त्याच्याशी स्पर्धा करणारा हा वापर एका जागी निपचित पडलेल्या सापात होतो. २००५ मध्ये तर ४८ तासांत हृदयाच्या जवनिकेचे वस्तुमान ४० टक्क्यांनी वाढल्याची नोंद झाली. पुढच्या काही प्रयोगांत हृदयाची अशी वाढ आढळली नाही, त्यामुळे हृदयापुरता वाद अजून चालू आहे. आतड्याबद्दल मात्र कुणाला शंका नाही.

संप्रेरकांचे आकडे २००१ मध्ये हाती आले. जेवणानंतर २४ तासांत अजगराच्या रक्तात कोलेसिस्टोकायनिन २५ पट, जीआयपी आणि ग्लुकागॉन प्रत्येकी ६ पट आणि न्यूरोटेन्सिन ३.३ पट वाढले. हे वाचून कुणालाही वाटेल की कोडे सुटले. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण याच संशोधकांनी आदल्या वर्षी, २००० मध्ये, प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. त्यांनी अजगराच्या लहान आतड्याचा मधला तिसरा हिस्सा कापून बाजूला केला. त्याचा रक्तपुरवठा आणि मज्जातंतू जसेच्या तसे ठेवले आणि पुढचा-मागचा भाग एकमेकांना शिवून टाकला. मग अजगराला खाऊ घातले. आता अन्न पुढच्या-मागच्या भागांतून जाणार, मधल्या तुकड्यातून नाही, पण रक्त तिन्हींत तेच फिरणार, संप्रेरकेही तीच. एका दिवसात अन्न लागलेले दोन्ही भाग वजनाने दुप्पट झाले. मधला तुकडा होता तसाच राहिला. आणखी दोनेक दिवस गेल्यावर कुठे तोही प्रतिसाद देऊ लागला.

या सबंध विषयात इतका स्वच्छ प्रयोग दुसरा नाही, असे मला वाटते. पहिला धक्का अन्नाच्या स्पर्शाचा आहे. रक्तातला निरोप खरा आहे, पण तो मागून येतो. पुढच्या प्रयोगांत असेही दिसले की अन्नातही सगळे घटक सारखे नाहीत. आतड्यात सोडलेल्या द्रावणांपैकी प्रथिनांचे मोडलेले तुकडे सर्वांत परिणामकारक ठरले. नुसते क्षाराचे पाणी किंवा साखर यांनी आतडे फारसे हलले नाही. मांसावर जगणाऱ्या प्राण्याचे आतडे प्रथिनांचीच वाट पाहत बसलेले असावे, हे पटण्याजोगे आहे.

आतड्याला वाढवणारे संप्रेरक अखेर सापडले, तेही एका रुग्णामुळे. १९७१ मध्ये ब्रिटनमधल्या एका स्त्रीच्या मूत्रपिंडात गाठ आढळली आणि तिच्या लहान आतड्याचे अस्तर अवाढव्य वाढलेले होते. गाठीतून ग्लुकागॉनच्या कुळातला काहीतरी पदार्थ स्रवत होता. तो नेमका कोणता, हे कळायला पंचवीस वर्षे लागली. टोरांटोच्या डॅनियल ड्रकर यांनी १९९६ मध्ये दाखवले की या कुळातले जीएलपी-२ उंदरांना टोचले की त्यांच्या लहान आतड्याचे अस्तर वाढते. त्याचेच टिकाऊ रूप असलेले टेडुग्लुटाइड २०१२ मध्ये औषध म्हणून मंजूर झाले. बरेचसे आतडे कापावे लागल्यामुळे ज्यांना शिरेतून पोषण घ्यावे लागते, त्यांच्यासाठी ते आहे. वजन घटवण्यासाठी ज्यांची आज जगभर चर्चा आहे, त्या औषधांमागचे जीएलपी-१ हे याचेच सख्खे भावंड. त्या औषधांच्या वाटेवरही एक सरपटणारा प्राणी भेटतो. वर्षातून मोजक्या वेळा जेवणाऱ्या अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत जॉन इंग यांना १९९२ मध्ये जीएलपी-१ सारखा पदार्थ सापडला, आणि २००५ मध्ये त्यातून मधुमेहाचे पहिले तसे औषध आले.

पक्ष्यांकडे वळले की चित्र थोडे बदलते. नॉट हा किनाऱ्यावरचा लहान पक्षी शिंपले सगळेच्या सगळे गिळतो आणि पेषणीत चुरडतो. पेषणी म्हणजे कोंबडीवाल्याकडे कलेजीबरोबर मिळणारा पेटा. नेदरलँड्समध्ये तेउनिस पियर्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पक्ष्यांना आलटून पालटून कवचाचे शिंपले आणि मऊ गोळ्या दिल्या. कठीण अन्नावर पेषणी काही दिवसांत वाढली, मऊ अन्नावर तितक्याच वेगाने घटली. इथे पोषणापेक्षा दळण्याच्या श्रमाचा वाटा मोठा आहे, कारण पेषणी हा स्नायू आहे आणि स्नायू कामाने वाढतो. तेव्हा ‘ताण’ आणि ‘वाढ’ असा जो भेद वर केला तो अस्तराला जितका लागू आहे तितका स्नायूला नाही, हे मान्य करायला हवे.

याच पियर्स्मा यांनी रॉबर्ट गिल यांच्यासह १९९८ मध्ये जे प्रसिद्ध केले ते अधिकच विलक्षण आहे. अलास्कातून न्यूझीलंडकडे झेपावलेले काही गॉडविट पक्षी वाटेतल्या रडारच्या घुमटावर आदळून मेले. प्रवासाच्या अगदी प्रारंभी मेलेल्या या पक्ष्यांच्या वजनात अर्ध्याहून अधिक चरबी होती, आणि जठर-आतडी आश्चर्य वाटावे इतकी लहान होती. न थांबता, न खाता पॅसिफिक ओलांडायचा, तर पचनाचा सरंजाम कशाला वाहून न्यायचा? २०२२ मध्ये याच जातीच्या, जेमतेम पाच महिन्यांच्या एका पक्ष्याने अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटरचे अंतर ११ दिवसांत एका दमात कापले. मुक्कामी पोचल्यावर असे पक्षी आधी आतडे पुन्हा उभारतात आणि मगच पोटभर चरू शकतात. दूरच्या प्रवासाने थकून उतरलेल्या पाणपक्ष्यांना खाजणात निवांतपणे चरू देणे का गरजेचे आहे, याचे हे शरीरातले कारण आहे. ठाण्याच्या खाडीबद्दल बोलतानाही ते विसरता कामा नये.

जठर मोठे होण्याचा सर्वांत अद्भुत प्रकार आज पाहायला मिळत नाही, कारण तो प्राणी संपला. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये १९७३ मध्ये वर्णन झालेला रिओबॅट्रॅकस सायलस हा बेडूक. त्याची मादी फलित अंडी गिळत असे आणि सहा-सात आठवडे पिले जठरातच वाढवत असे. त्या काळात ती काही खात नसे. विसाच्या आसपास पिले वाढू लागली की जठर इतके ताणले जाई की ते सारी उदरपोकळी व्यापे, फुप्फुसे दबून जात आणि मादीला श्वास मुख्यतः कातडीतून घ्यावा लागे. जठर म्हणजे आम्लाची जागा. तिथे पिले जगत कशी? मायकेल टायलर यांच्या गटाने दाखवले की अंड्यांभोवतीच्या आवरणातून आणि पिलांकडून प्रोस्टाग्लँडिन ई-२ स्रवत असे आणि त्यामुळे आईच्या जठरातले आम्ल बंद पडत असे. प्रोस्टाग्लँडिन हे रक्तातून दूर जाणारे संप्रेरक नव्हे. ते जागच्या जागी काम करते. पण तत्त्व तेच: जठरात जे आहे, तेच जठराला कसे वागायचे ते सांगते. रानात हा बेडूक १९८१ नंतर दिसला नाही, आणि १९८४ मध्ये सापडलेली त्याची बहीणजात वर्षभरातच दिसेनाशी झाली. जठरव्रणावर संशोधन करणाऱ्यांना या बेडकाने बरेच शिकवले असते. जाती राखण्याची बाजू मांडताना मला हे उदाहरण नेहमी आठवते.

आपल्या गोठ्याशी थेट संबंध येतो तो वासराच्या पोटाचा. गाईच्या पोटाचे चार कप्पे सर्वांना माहीत आहेत: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. जन्माच्या वेळी यांतले खरे पोटच सर्वांत मोठे असते, सगळ्यांच्या मिळून निम्म्याहून अधिक. कोटीपोट असते, पण लुळे. दूध तर त्यात शिरतही नाही. चोखताना एक घळ मिटते आणि दूध सरळ खऱ्या पोटात उतरते. मोठ्या गाईत हेच प्रमाण उलटलेले असते: कोटीपोट आणि जाळीपोट मिळून चार-पंचमांश, तर खरे पोट जेमतेम सात-आठ टक्के. हा पालट कशाने होतो?

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९५० च्या दशकात याचा माग काढला गेला. काही वासरांच्या कोटीपोटात प्लॅस्टिकचे स्पंज भरले. पोटाचे आकारमान वाढले, स्नायूही वाढले, पण आतले अस्तर बाळबोधच राहिले. दुसऱ्या काही वासरांना दुधाबरोबर कोटीपोटात ब्युटिरेट आणि प्रोपिओनेट या मेदाम्लांचे क्षार सोडले. धान्य आंबते तेव्हा कोटीपोटात हीच आम्ले तयार होतात. या वासरांच्या अस्तरावर दाट अंकुर उगवले. ज्यांनी वजडी साफ केली आहे त्यांना हे अंकुर ओळखीचे आहेत: टर्किश टॉवेलसारखा खरखरीत, लव असलेला जो भाग असतो, तो हाच. चाऱ्यातून मिळालेली ऊर्जा रक्तात जाते ती या लवेतून. नुसत्या दुधावरच्या वासराची वजडी आतून गुळगुळीत निघते.

पण इथेच एक गुंता आहे, आणि संप्रेरक पुन्हा पुढे येतात. कोटीपोटाच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांवर ब्युटिरेट टाकले तर त्यांची वाढ मंदावते. जिवंत जनावरात तेच ब्युटिरेट पेशींची संख्या वाढवते. मधे कुणीतरी असल्याशिवाय हे घडणार नाही. संशयाची सुई इन्सुलिन, ग्लुकागॉन आणि इन्सुलिनसारख्या वाढघटकांकडे वळते. ब्युटिरेट रक्तात गेले की ही संप्रेरके वाढतात आणि ती अस्तराला वाढायला लावतात. हुकूम अन्नाचा आणि अंमलबजावणी संप्रेरकांची, हे अजगरात दिसलेले नाते वासरातही असे दिसते. दोन इतक्या दूरच्या प्राण्यांत ते सापडते, म्हणून त्यावर माझा विश्वास बसतो.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. गावोगावच्या गोठ्यांत पोट सुटलेली वासरे दिसतात: खपाटीला गेलेल्या फासळ्या, रखरखीत केस आणि खाली लोंबणारे मोठे पोट. मालक म्हणतो, खाते चांगले. ते पोट वाढलेले नसते, ताणलेले असते. दूध लवकर तोडून नुसता कडबा आणि काड घातले की कोटीपोट न पचलेल्या चोथ्याने भरते, पण आत अंकुर नसतात, म्हणून पोट भरूनही वासरू उपाशी राहते. म्हशीच्या रेडकांत असे पोट जंतांमुळेही सुटते. स्पंज भरलेल्या वासराची आणि या वासराची अवस्था सारखीच आहे, फरक इतकाच की तो प्रयोग होता आणि हे रोजचे आहे.

खऱ्या अर्थाने फुगणारे पोट हा वेगळाच विषय, आणि तिथे संप्रेरकांची चर्चा करत बसायला वेळ नसतो. मोठ्या गाईच्या कोटीपोटात चारा खाल्ल्यावर ताशी ३० ते ५० लिटर वायू तयार होतो आणि तो ढेकरेवाटे जातो. कोवळा लसूणघास किंवा बरसीम उपाशीपोटी भरपूर खाल्ला की फेस होतो, ढेकर अडते, डावी भकाळी वर येते आणि जनावर धापा टाकू लागते. तेव्हा पशुवैद्यकाला बोलावण्यात एक मिनिटही दवडू नये. ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्डसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत जठर वायूने फुगून पिळले जाते, तेव्हाही हेच. पोट ताठ, ओकारीचे उमाळे पण बाहेर काही नाही, अशी लक्षणे दिसली की सकाळची वाट पाहू नका. काही तासांत कुत्रा जातो.

वासरांच्या बाबतीत मात्र हाताशी वेळ असतो आणि खर्चही फार नसतो. जन्मल्यानंतर पहिल्या दोन तासांत चीक पाजा. पहिल्या आठवड्यापासून दुधाबरोबरच वासराच्या खुराकाची मूठभर चव लावा, भले ते सुरुवातीला नुसते चाटून सोडेल. समोर स्वच्छ पाणी ठेवा, कारण दूध खऱ्या पोटात जाते आणि कोटीपोटात धान्य आंबायला पाणी लागते. खुराकात भरडलेला मका आणि नीट शिजवलेली सोयापेंड असू द्या, कडबा थोडा आणि बारीक कुट्टीचा. जंताचे औषध पशुवैद्यकाला विचारून वेळच्या वेळी द्या. आणि वासरू लागोपाठ तीन दिवस रोज किलोभर खुराक खाऊ लागल्याशिवाय त्याचे दूध तोडू नका.